मास्तरांकडे उरलेला शब्द

गल्लीत त्यांना सगळे गेटमास्तर म्हणत. नव्या माणसाला वाटायचं, गृहस्थ रेल्वेच्या फाटकावर नोकरीला असणार. खरं तर मास्तरांनी बत्तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं होतं, आणि त्या इंग्रजीतलं ‘गेट’ हे क्रियापद म्हणजे त्यांचा जीव की प्राण. नव्या वर्गाच्या पहिल्याच तासाला ते फळ्याच्या मध्यभागी ती तीन अक्षरं लिहीत, भोवती गोल काढत आणि म्हणत, “पोरांनो, इंग्रजीत अडलात की हा शब्द पुढे करा. हा सगळीकडे चालतो. सकाळी उठलात, गेट अप. पुस्तक आणायचंय, गेट द बुक. अंधार पडायला लागला, इट इज गेटिंग डार्क. कळलं का, डिड यू गेट इट? आणि नसेल कळलं तर...” इथे ते खडू दाराकडे रोखत आणि सगळा वर्ग एका सुरात ओरडे, “गेट आउट!”

त्यांची बायको शिवणकाम करायची. जन्मात कधी फळ्यापुढे उभी राहिली नव्हती, तरी लोकांनी तिला मास्तरीण करून टाकलं होतं. वह्या-पेनांच्या दुकानावर त्यांच्या दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी तिचं मशीन. शाळेचे गणवेश ती शिवायची. तिच्या स्कर्टच्या चुण्या वर्षभर धुऊनही मोडत नाहीत, असं पोरींच्या आया सांगत.

‘गेट’शी मात्र तिचं वाकडं होतं. त्याला कारण होतं.

लग्नाला आठेक वर्षं झाली असतील. शाळेत नवे मुख्याध्यापक आले आणि त्यांनी शिक्षकांना जोडीने चहाला बोलावलं. मुख्याध्यापकांची बायको इंग्रजीतच बोलायची. तिने मास्तरणीला विचारलं, मुलं किती? प्रश्न मास्तरणीला कळला. आता उत्तर मराठीत द्यायचं म्हणजे नवऱ्याची शोभा. तिला आठवलं, हे रोज घरात सांगतात, हा शब्द सगळीकडे चालतो. तिने धीर करून म्हटलं, “आय गेट वन डॉटर.”

क्षणभर कपबश्यांचा आवाज थांबला. मग कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि सगळ्यांत मोठ्याने हसले ते मास्तर. “अगं, बाजारातून आणलीस की काय!”

ते तिने गिळलं. नवरा आहे, हसला. पण चार-सहा महिन्यांनी एक बाई मुलाच्या पँटचं माप द्यायला आली आणि बोलता बोलता म्हणाली, “तुमचे मास्तर वर्गात काय हसवतात हो पोरांना! म्हणे एक बाई आय गेट वन डॉटर म्हणाली. जशी काही पिशवी घेऊन लेक आणायला गेली होती!” बाई पोट धरून हसत होती. मास्तरीणही हसली, आणि वहीत त्या मुलाच्या कमरेचं माप चुकीचं लिहून बसली. असं तिच्या हातून कधी झालं नव्हतं.

तिने मास्तरांना काही विचारलं नाही. यांच्या आपणहून लक्षात येईल, मग बोलतील, अशी तिची समजूत. मास्तरांच्या ते गावीही नव्हतं. पुढे मुलगी शिकली, लग्न होऊन दुसऱ्या शहरात गेली, मास्तर निवृत्त झाले. सव्वीस वर्षांत मास्तरणीने इंग्रजीचं एक वाक्य तोंडातून काढलं नाही. तसा संसार चांगला झाला. मास्तर पगार हातात आणून देत, ती आजारी पडली की स्वतः भात टाकत, मशीनला तेल घालत. फक्त तेवढी एक गोष्ट माशाच्या काट्यासारखी घशात अडकून राहिली.

निवृत्तीनंतर दोन वर्षांनी, एका मंगळवारी सकाळी दाढी करता करता मास्तर खाली बसले, ते उठलेच नाहीत. उजवा हात-पाय गेला आणि वाचा गेली. दवाखान्यात बारा दिवस तोंडातून नुसता घुरघुराट. तेराव्या दिवशी त्यांनी स्वच्छ आवाजात पहिला शब्द उच्चारला, “गेट.”

वॉर्डात एक मदतनीस होता, सगळ्या पेशंटांचा लाडका. त्याला वाटलं, काकांना हवा खायचीय. त्याने चाकाची खुर्ची ढकलत त्यांना थेट फाटकापाशी नेलं. मास्तर डाव्या हाताने खुर्चीवर थापा मारत ओरडायला लागले, “गेट! गेट!”

“अहो काका, हेच गेट! या दवाखान्याला दुसरं नाही!”

मास्तरीण पदर तोंडाला लावून हसली, आणि हसता हसता तिला हुंदका फुटला.

बोलण्याचे व्यायाम शिकवायला एक तरुण डॉक्टर येत असे. तिने मास्तरणीला बाकावर बसवून समजावलं, “काकू, ते हा शब्द मुद्दाम निवडत नाहीत. बाकीचे शब्द वाटेतच अडतात, हा तेवढा बाहेर पडतो. त्यांना म्हणायचं असतं वेगळंच. तुम्ही त्यांचा सूर ऐका, डोळे बघा.”

“परत बोलतील ना?”

“थोडं सुधारेल. वेळ लागेल.” तिने एवढंच सांगितलं.

घरी आल्यावर मास्तरीण शिकायला लागली. तुटक ‘गेट’ म्हणजे पाणी. लांबवलेलं, खाली उतरत जाणारं म्हणजे पुरे. एकापाठोपाठ दोनदा म्हणजे बातम्या लाव. लेकीचा फोन आला की ते रिसीव्हरमध्ये अगदी हळू म्हणायचे, “गेट,” आणि पलीकडे लेक रडायची.

डॉक्टर म्हणाली होती, त्यांच्या ओळखीचं काहीतरी वाचून दाखवा. म्हणून मास्तरणीने कपाटावरची त्यांची जुनी टाचणवही काढली. पानापानांवर ‘गेट’ची वाक्यं, शेजारी मराठी अर्थ. दुपारी जेवणं झाली की ती अक्षराखाली बोट धरून वाचायची. सव्वीस वर्षांनी ती इंग्रजी बोलत होती, आणि ऐकणारा एकटा नवरा. “द... सूप... इज गेटिंग कोल्ड.” उच्चार चुकला की मास्तर डाव्या हाताने मांडीवर टकटक करत. अर्ध्या तोंडाने हसतसुद्धा.

दर गुरुवारी विज्ञानाचे मास्तर भेटायला येत, दोघांची पूर्वीपासून दोस्ती. त्यांना ती म्हणाली, “बघा भावजी, माणसाचं बोलणं गेलं, पण चुका काढणं काही जात नाही!” दोघं हसले, मास्तरही हसले. त्या महिनाभरात घर जितकं हसलं तितकं कित्येक वर्षांत हसलं नव्हतं.

मग एका दुपारी ते पान आलं. वर लाल शाईत ‘चुकीचे प्रयोग’. तिसऱ्या ओळीवर तिचं बोट थांबलं. आय गेट वन डॉटर. पुढे कंसात मास्तरांचं सुबक अक्षर: हशा.

तिने वही मिटली नाही. वाक्य मोठ्याने वाचलं. मग म्हणाली, “अहो, हे माझं आहे.”

मास्तर बघत राहिले.

“मला माहीत होतं. सातवीतल्या एका मुलाच्या आईने सांगितलं होतं. चहाच्या वेळी हसलात, त्याचं काही नाही. पण वर्गात नेलंत हो मला. दरवर्षी नेलंत. का?”

मास्तरांचा ओठ हलला. “गेट,” ते म्हणाले. हा सूर तिने याआधी कधी ऐकला नव्हता. पाण्याचा नाही, पुरेचा नाही. “गे... गेट...” गळ्याच्या शिरा ताठ झाल्या, कपाळावर घाम आला. ती थांबली. बराच वेळ थांबली. शेवटी मास्तरांनी भिंतीकडे तोंड फिरवलं, आणि त्यांचे खांदे हलायला लागले.

मास्तरणीच्या मनात आलं, यांना बोलता येत होतं तेव्हा आपण तोंडाला कुलूप लावून बसलो, आणि विचारलं कधी, तर या वेळी. तिने त्यांची हनुवटी पुसली. “राहू द्या. मी आपलं सांगितलं.”

त्यानंतर मास्तर वहीला हात लावू देईनात. पुढे आणली की ढकलून देत.

आठ-दहा दिवसांनी ती चुण्या घालत बसली होती. मास्तर चार पायांची काठी टेकत, पाय ओढत तिच्यापाशी आले आणि मशीनला टेकून उभे राहिले. डावा हात त्यांनी स्कर्टाच्या कापडावर ठेवला, मग तिच्या हातावर, मग पुन्हा कापडावर. “गेट,” ते म्हणाले.

“पाणी?” नाही.

“लेकीला फोन लावू?” नाही.

“मशीनचा त्रास होतो? बंद करू?” त्यांनी जोरात मान हलवली. नाही, नाही.

तेल घालायचंय का, हात दुखतात का म्हणताय, कुणाचा गणवेश ते विचारताय, तिने सुचेल ते सगळं विचारलं. प्रत्येक प्रश्नाला नाही. “गेट,” ते पुन्हा म्हणाले, अगदी मऊ आवाजात, आणि मग रागावून, आणि मग नुसतेच रडत. तिने त्यांना धरून खाटेवर बसवलं. “उद्या सांगा. आपल्याला कुठे घाई आहे?”

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांना पुन्हा झटका आला. पाचव्या दिवशी ते गेले.

माणसं खूप आली. टक्कल पडलेले, पोटं सुटलेले त्यांचे विद्यार्थी जिन्यावर रांगेने उभे होते. एकाने दारातच डोळे पुसत सांगितलं, “परदेशात पहिल्या दिवशी मी फक्त गेटवर निभावलं, बाई.” ती मान हलवत राहिली.

ते गेल्याच्या चौथ्या दिवशी तिने लेकीला मशीनजवळची हकीकत सांगितली. लेक म्हणाली, “आई, बाबा माफी मागत होते. दुसरं काय असणार?”

विज्ञानाचे मास्तर तिथेच होते. म्हणाले, “वहिनी, तसंच समजा. मनाला बरं वाटेल.”

मास्तरणीने कपाटावरच्या वहीकडे पाहिलं. मग म्हणाली, “नाही भावजी. ते काय म्हणाले, मला कळलं नाही. त्यांनी त्यांची एक मोठी वही भरली वाक्यांची, त्यात मी आता माझ्या मनाचं घालायचं, आणि त्यांनी म्हटलं म्हणायचं? तेवढं नाही व्हायचं माझ्याच्याने.”

“मग तुझ्याकडे राहिलं काय?” लेक चिडून म्हणाली आणि लगेच रडायला लागली.  मास्तरणीने तिला जवळ घेतलं.

दोन महिन्यांनी दवाखान्यातल्या त्या डॉक्टरचा फोन आला. एक नवीन पेशंट आहे, चाळिशीचा, त्याची बायको पार खचलीय. येऊन दोन शब्द बोलाल का? मास्तरीण गेली. माणूस खुर्चीत बसला होता. त्याच्याकडे ‘सोमवार’ हा एक शब्द उरला होता. बायको मांडीवर कागद घेऊन कुठला सोमवार म्हणजे काय, ते लिहून काढत होती.

“काकू, शेवटी शेवटी तुम्हाला सगळं कळायला लागलं होतं ना?” तिने आशेने विचारलं.

हो म्हणावं, असं मास्तरणीच्या ओठांवर आलं होतं. “बरंचसं,” ती म्हणाली. “सगळं नाही.”

त्या बाईचं पेन थांबलं.

“तुला जे सांगायचंय ना, ते सांग त्यांना. त्यांना सगळं समजतं,” मास्तरीण म्हणाली. “पण ज्याचं उत्तर द्यावं लागेल असं मोठं काही विचारू नकोस. आत्ता तरी नको.”

“आणि मला विचारायचंच असलं तर?”

 मास्तरणीने स्टूल ओढून घेतलं आणि विचारलं, “काय करायचे गं हे?”

“घड्याळं दुरुस्त करायचे,” ती बाई म्हणाली, आणि सांगायला लागली: त्यांचं दुकान किती छोटं, ते डोळ्याला भिंग लावून जेवायला कसे यायचे. माणूस खुर्चीतून बायकोकडे बघत होता. मास्तरीण ऐकत बसली.