स्वस्तिकाचे चार ठिपके

माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि अक्षर मशीनखाली अडकलेल्या दोऱ्यासारखं. कुणी वाचलंच तर क्षमा करावी. शाळा चौथीपर्यंत, तीही तमिळ. मराठी अक्षरं अप्पांनी, माझ्या वडिलांनी, शिवणाच्या खडूने, कापडाच्या तुकड्यांवर शिकवली.

पण दसऱ्याच्या आदल्या दिवसाची, आयुधपूजेची सकाळ मला लिहायला येते... एग्मोर स्टेशनामागच्या गल्लीतलं अप्पांचं शिवणाचं दुकान, पुसून लखलखीत केलेलं काळं पायमशीन, त्याच्या मानेत झेंडूची माळ, चंदन, मशीनचं तेल आणि चुरमुरे यांचा मिळून झालेला एकच वास – आणि मशीनच्या अंगावर स्वस्तिक काढणारं अप्पांचं कुंकवाने भिजलेलं बोट. रेघा त्यांच्या, मधले चार ठिपके माझे. मी स्टुलावर चढून, श्वास धरून एकेक ठिपका टेकवी. चौथा झाला की अप्पा म्हणत, "आता पुरं झालं."

एरवीही कुठलंही कापड कापण्याआधी ते उलट्या बाजूला, शिवणीत झाकलं जाईल अशा जागी, खडूने इवलंसं स्वस्तिक काढत आणि मी ठिपके देई. त्याच्याही आधी गिऱ्हाइकाला एक प्रश्न असे – "कोण घालणार, कशासाठी?" आमच्याकडे बँडवाल्यांच्या वर्द्या शिवायला येत. बँड लग्नात वाजे तसा मयतीलाही. लग्नाच्या कोटाला सोनेरी फीत, मयतीच्या कोटाला साधी काळी. एकदा एक बँडमालक वैतागून म्हणाला, "मास्टर, तुमचं काम शिवायचं. एवढी चौकशी कशाला? पोरगी द्यायचीय का आमच्यात?" अप्पा हसले. खडू कानामागे ठेवत म्हणाले, "वर्दी घातली की माणूस एकटा राहत नाही, बाबा. तो कुणाच्या रांगेत उभा राहणार ते कळल्याशिवाय माझी कात्री चालत नाही."

अप्पा गेले, दुकान गेलं, मशीन माझ्या खोलीत आलं. खडूचं स्वस्तिक मी चालू ठेवलं. प्रश्न मात्र... मी भिडस्त, माणसांशी बोलताना जीभ जड होते माझी. तो प्रश्न मी कधी सोडला, कळलंही नाही.

यंदा आडी महिन्यात – लग्नं नसतात, ब्लाउजचं काम बसतं – नुंगंबाक्कमचा कविन नावाचा एक गाणारा तरुण आला. नव्या गाण्याच्या व्हिडिओसाठी त्याला दंडावर बांधायच्या वीस पट्ट्या हव्या होत्या. तीन हजार रुपये आगाऊ देऊन त्याने फोनवर चित्र दाखवलं: लाल पट्टी, पांढरं वर्तुळ, त्यात काळं स्वस्तिक. मला केवढा आनंद झाला! ते तिरकं होतं. वाटलं, काढणाऱ्याचा हात घसरला असेल. वीसही पट्ट्यांवर मी ते नीट सरळ बसवलं, आणि प्रत्येकात पिवळ्या रेशमाच्या गाठींचे चार ठिपके दिले. अप्पांनी पाहिलं असतं तर...

पट्ट्या न्यायला आला तेव्हा कविन एक हातात घेऊन हसतच सुटला. "अक्का, आम्हाला काय पूजेला बसायचंय? तिरकंच हवं ते! याला तर माझी आजीसुद्धा घाबरणार नाही."

"घाबरायला कशाला हवं?" मी विचारलं.

माझी भाची वैष्णवी, शोळिंगनल्लूरच्या सॉफ्टवेअर कचेरीत काम करते, ती त्या दिवशी घरी होती. तिने कविनच्या फोनमधलं चित्र पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. "मावशी, हे नाझींचं निशाण आहे. जर्मनीत हेच दंडावर बांधून त्यांनी लाखो ज्यूंना मारलं. तान्ह्या मुलांनासुद्धा."

"आम्ही कुठे कुणाला मारतोय?" कविन म्हणाला. "दिसायला जबरदस्त दिसतं, बस. त्याला काही अर्थ नाही." मग मला समजावत, अगदी मायेने – "आणि हे तुमच्या देवाचं नाही हो, अक्का. मनाला लावून घेऊ नका."

जणू माझं दुखणं तेवढंच! अर्थ नसता तर पाहणारा घाबरला का असता? ज्यांची माणसं त्या पट्ट्यांनी नेली, त्यांनी हा व्हिडिओ कसा पाहायचा? हे सगळं मला सुचलं, पण तो जिना उतरून गेल्यावर. समोर असताना, "उसवा आणि तिरकं लावा," असं तो म्हणाला तेव्हा मी फक्त मान हलवून नाही म्हटलं. "मग माझे पैसे परत द्या," तो म्हणाला. कापडात निम्मे गेले होते, उरलेले भाड्यात. वैष्णवी द्यायला निघाली. मी घेतले नाहीत. अप्पांचा प्रश्न मी विचारला नव्हता. चूक माझ्या तोंडाची, फेड माझ्या हातांची. पाचशे-पाचशे करून द्यायचं ठरलं.

पट्ट्या त्याने दुसरीकडून शिवून घेतल्या. व्हिडिओ वैष्णवीने दाखवला – काळे कोट, लाल दंड, सगळं तिरकं. चीड याची येते की गाणं चांगलं होतं. माझा पाय मशीनच्या पायट्यावर आपोआप ताल धरू लागला; मी तो दाबून धरला.

माझ्याकडे उरल्या वीस पट्ट्या. लाल कापड उसवून ब्लाउजच्या अस्तराला वापरलं. पांढरी वर्तुळं तशीच डब्यात आहेत, ठिपक्यांसकट. ती उसवायला हात धजत नाही.

आज सकाळी कविन शेवटचे पाचशे न्यायला आला. नोटा न मोजता खिशात घालत म्हणाला, "तुमची शिवण सुंदर आहे, अक्का. पुढच्या गाण्याचे कोट शिवाल?"

जीभ जड झाली होती, तरी मी विचारलं, "कोण घालणार, कशासाठी?"

तो चपला घालून निघून गेला... पैसे तेवढे पूर्ण फिटले.