शिसवी पाटांची पिकअप

आईला लग्नात मिळालेले सहा शिसवी पाट होते. त्यातले पाच मी कापले आणि सहावा गाडीखाली चिरडला. हे सुरुवातीलाच कबूल केलेलं बरं. नाहीतर तुम्ही शेवटपर्यंत माझ्याबद्दल चांगलं मत घेऊन बसाल आणि मला अपराधी वाटत राहील. (तसं ते मला नेहमीच वाटतं. शेजारी दूध उतू गेलं तरी मी आधी मनातल्या मनात माफी मागतो.)

सगळ्याचं मूळ टायरांत आहे. दादाचा, म्हणजे माझ्या थोरल्या भावाचा, टेंट हाउसचा, मांडव-खुर्च्या भाड्याने देण्याचा धंदा आहे. त्याची थाटीपूरची गल्ली अरुंद, म्हणून पिकअप लष्कर मोहल्ल्यात आमच्या दारात उभी असते. सहा महिन्यांपूर्वी मी मोठ्या हौसेने पडावच्या बाजारातून तिला चार नवे टायर आणले. ते एक साइज मोठे निघाले! दुकानदार परत घेईना. गाडी वळली की टायर मडगार्डला असे घासायचे की म्हशीने भिंतीला पाठ घासावी. दादा फक्त प्रत्येक वळणावर माझ्याकडे बघायचा. आणि थाटीपूरच्या वाटेवर वळणं काय कमी आहेत!

शेवटी एका व्हिडिओत मला मोक्ष सापडला. टायर लहान होत नाहीत ना? मग गाडी उंच करा! बोल्ट काढायचे, केबिन आणि मागचा हौदा जॅकने चासीवरून उचलायचा, मधे तीन-तीन इंचांचे आठ ठोकळे सरकवायचे आणि लांब बोल्ट आवळायचे. व्हिडिओतल्या माणसाला अकरा मिनिटं लागली. मला चार दिवस लागले.

लांब बोल्ट पडावातल्या शकील मिस्त्रीकडे मिळाले.

"और बीच में गुटके काहे के लगाओगे?" त्याने विचारलं.

"लकडी के. असली शीशम."

"भाईसाब, पिकअप है कि बैलगाडी?"

मी हसलो. त्याला काय ठाऊक, आमच्या माळ्यावर काय पडलंय! आईचे पाट चांगले दीड इंच जाडीचे, साठ वर्षं मुरलेले. दोन तुकडे एकमेकांवर चिकटवले की बरोबर तीन इंच. जणू आईच्या वडिलांनी ते पिकअप डोळ्यांपुढे ठेवूनच करवून घेतले होते! त्यातून आई झाशीला ताईकडे गेलेली. ताईच्या मुलीचं, रुचाचं लग्न ठरलं होतं, त्याची खरेदी चालू होती.

करवत चालू झाल्यावर मेधा, माझी बायको, अंगणात आली.

"अहो! हे आईंचे पाट ना?"

"हल्ली जमिनीवर बसतं कोण? सगळ्यांचे गुडघे गेलेत."

"रविवारी रुचाचं केळवण आहे दादांकडे. आई तिला पाटावर बसवणार."

"नवरी एकच आहे ना? तिला एक ठेवतो."

"मला काही सांगू नका. मी भाजी आणायला गेले होते." आणि भरदुपारी ती खरोखरच पिशवी घेऊन निघून गेली.

दोन पाटांत काम भागायला हवं होतं. पण पहिला भोक पाडताना उभा तडकला. दुसऱ्याचे तुकडे मी अडीच इंच जाडीच्या हिशेबाने तासून चिकटवले. (कुठून आले अडीच? देव जाणे.) तिसऱ्याला मी नुसता हात लावला आणि करवत भलतीकडे गेली. चौथ्या आणि पाचव्यातून आठ ठोकळे निघाले; वाया गेलेले तुकडे मी मागच्या हौद्यात टाकले. शनिवारी गाडी तीन इंच उंच उभी होती. मी तिच्याभोवती चार फेऱ्या मारल्या. चालवून मात्र पाहिली नाही. उत्साहात राहूनच गेलं.

रविवारी सकाळी झाशीहून परतलेली, ऐंशी वर्षांची आई दारात आली आणि थबकली.

"अरू, गाडी वाढली का रे?"

"टायर घासत होते ना, म्हणून जरा..."

"मी चढू कशी? एक पाट आण."

मी उरलेला एकुलता एक पाट आणून चाकामागे ठेवला. आई त्यावरून केबिनमध्ये चढली, मेधा तिच्या बाजूला बसली.

"बाकीचे पाच घेतलेस ना?"

"गाडीतच आहेत, आई." (यात एक अक्षर खोटं नव्हतं!)

मग मी गिअर टाकायला गेलो. केबिन वर गेली होती, गिअरचा दांडा होता तिथेच राहिला होता. म्हणजे तो तीन इंच बुडालेला! मी पहिला गिअर समजून जोर लावला, पडला रिव्हर्स, आणि गाडी मागे उडाली.

कडाड!

"काय मोडलं?" आई म्हणाली.

मेधाने खिडकीतून वाकून पाहिलं. "सहावा."

"आणि बाकीचे पाच कुठेत?"

मी बोटाने खाली दाखवलं. "तिघांचे तुकडे मागे हौद्यात, आणि दोघांवर आपण बसलोय, आई. गाडी पण."

आईने नुसतं माझ्याकडे बघितलं. दादासारखंच!

पाटणकर बाजारात मी वळायला इंडिकेटर दिला आणि वायपर चालू झाले. (कुठलीतरी तार ताणून तुटली होती.) लख्ख ऊन, काच कोरडी, आणि वायपर जिवाच्या आकांताने करकरतायत. एका स्कूटरवाल्याने आत डोकावून विचारलं, "अम्मा, अंदर बारिश हो रही है क्या?"

"अभी नहीं भैया," आई म्हणाली. "घर पहुँचने दो, फिर इस पर बरसूँगी."

थाटीपूरला गल्लीच्या तोंडाशी मी गाडी वळवली. टायर घासले नाहीत. दादा चक्क हसला! ते सुख मला चार सेकंद मिळालं, कारण तेवढ्यात ताई बाहेर आली.

"पाट उतरवा रे, रांगोळी काढायचीय."

मी सांगून टाकलं. सगळं, अडीच इंचांसकट.

"मामा, सच में? आजीचे पाट काटले तुम्ही?" रुचा म्हणाली. तिला हसू आवरेना. ताईच्या मात्र डोळ्यांत पाणी आलं. "माझं केळवण त्याच पाटावर झालं. हिलाच काय ते नशिबात नव्हतं."

"माझ्याकडे दोनशे खुर्च्या आहेत," दादा म्हणाला. ताईने अशी काही नजर टाकली की तो घरात गेला.

माझी मान इतकी खाली गेली की मला माझेच ठोकळे दिसले. शिसवी, काळेभोर, मी घाईत ठोकलेले. तेवढ्यात केबिनमधून आईचा आवाज आला.

"पोरीला माझ्या पाटांवरच बसवायचंय ना? मग चढवा इथे. मी लष्करापासून त्यांच्यावरच बसून आलेय, काही टोचलं नाही."

मग ताईच आधी हसली.

मेधाने पिकअपभोवती रांगोळी काढली. (दोन डबे संपले. चाकांना वेगळी नक्षी.) नवरी चढणार कशावरून, हा प्रश्न आला तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मुकाट्याने एक गुडघा टेकला, दुसरा पुढे केला. त्यावर पाय ठेवून रुचा चढली, ताई ओवाळायला चढली, वहिनी पुरणपोळीवर तूप वाढायला तीनदा चढल्या. रुचाने गंमत म्हणून इंडिकेटर दिला आणि वायपरांनीही तिला ओवाळलं.

ते फोटो लष्करातल्या यच्चयावत मराठी घरांत पोचले. आता कुणाकडे केळवण असलं की दादाला फोन येतो. परवा एक काकू विचारत होत्या, ती पाटांची गाडी मिळेल का?

"मिळेल की," दादा म्हणाला. मग माझ्याकडे न बघता, "पायरीही सोबतच येते, काकू. फक्त तिच्या गुडघ्याखाली एक उशी ठेवा."