मोतीरामच्या तोंडचं धन्यवाद

चांदूर बाजारच्या आठवडी बाजारात मोतीराम भाजी विकायचा, ती तोंडाच्या जोरावर. वांगं दाबून पाहणाऱ्या गिऱ्हाइकाला तो म्हणायचा, "वांगं हाय, नवरदेव नोय. घ्याचं असन त घे, नाई त फूट." लोक बोलणी खायचे, हसायचे आणि पुढच्या बाजारी पुन्हा त्याच्याच दुकानासमोर उभे राहायचे. घरात मात्र हसायला कोणी नव्हतं. बायको इंदूबाई लग्नापासून ते ऐकत आली होती.

गेल्या उन्हाळ्यात त्याला लकवा मारला. उजवं अंग गेलं, वाचा गेली, डाव्या हाताची दोन बोटं तेवढी ताब्यात राहिली. डोकं शाबूत होतं. त्यातलं काही बाहेर पडेना, म्हणून मोतीराम खाटेवर आतल्या आत धुमसत राहायचा.

मुलगा मनोज अमरावतीला नोकरीला. तिथल्या उपचार केंद्रातून त्यानं एक टचपॅड आणलं. शाळेतल्या पाटीएवढं, काळं, लॅपटॉपला जोडायचं. त्याचे हवे तेवढे चौकोन पाडता येत, बोटात जोर असेल तसा दाब ठरवता येई, बोट थरथरलं तरी एकच स्पर्श धरला जाई. चौकोनाला बोट लावलं की लॅपटॉप त्यात भरलेलं वाक्य बोले. यंत्र खरंच गुणाचं होतं. गाढवपणा केला तो मनोजनं. बापाला न विचारता त्यानं वाक्यं भरली : 'पाणी द्या', 'बरं वाटतंय', 'देवाची कृपा', आणि शेवटच्या चौकोनावर हात जोडल्याचं चित्र चिकटवून 'धन्यवाद'. आवाज कुण्या गोड गळ्याच्या बाईचा.

मग लोक भेटायला येऊ लागले. आजाऱ्याला भेटायचं म्हणजे बिस्किटाचा पुडा न्यायचा, खाटेजवळ बसायचं आणि कोणकोण याच दुखण्यानं गेलं ते त्यालाच सांगायचं. बाजारातला शेजारी देवीदास त्यात पटाईत. त्यानं आपल्या साडूच्या लकव्याची कथा थेट तिरडीपर्यंत नेली. मोतीरामला त्याला हाकलायचं होतं, पण चारही चौकोनांत हाकलणारा शब्द नव्हता. रागानं त्यानं पॅडवर बोट आपटलं.

"देवाची कृपा," बाई म्हणाली.

पुन्हा आपटलं.

"धन्यवाद."

"पाह्यलं का?" देवीदास गहिवरला. "लकव्यानं माणूस सुधरला!"

सुधरला म्हणे! मोतीरामच्या डोळ्यांत पाणी आलं. देवीदासला ती भक्ती वाटली. संताप होता तो. त्या दिवसापासून मोतीरामनं पॅडला हात लावला नाही, तहान लागली तरी नाही. मनोज आला तेव्हा म्हणाला, बाबाची उमेद गेली दिसते, परत करून टाकू.

"उमेद नाई गेली," इंदूबाई म्हणाली. "तू भरलं ते तुह्या बाबाचं बोलणंच नोय. हे यंत्र माह्या आवाजात बोलते का?"

"बोलते न. ज्याचा पाह्यजे त्याचा आवाज भरता येते. पण भरशीन काय?"

"मले सारं पाठ हाय."

आणि जन्मात उलट उत्तर न दिलेली ती बाई लॅपटॉपसमोर बसून नवऱ्याची वाक्यं एकेक करून बोलली, त्याच्या ठसक्यासकट. "काहून आला बे?" "उठ, फूट इथून." "मीठ सरलं का गावातलं?" मनोजनं कपाळाला हात लावला. मोतीराम मान वळवून बघत राहिला. आपण बायकोला काय काय ऐकवलं, ते तो पहिल्यांदाच ऐकत होता.

"हे धन्यवाद राहू देऊ?" मनोजनं विचारलं.

"काढ. जलमात कवा म्हणलं नाई ह्यायनं मले. मशीननं म्हणलं त मले खरं वाटन का?"

मनोजनं ते वाक्य पुसलं. चित्र तेवढं चिकटलेलं राहिलं.

पुढच्या बाजारी देवीदास पुडा घेऊन हजर. "काहून आला बे?" पॅड इंदूबाईच्या आवाजात कडाडलं. तो बसायचा थांबला, आणि "फूट इथून" ऐकल्यावर चप्पल शोधू लागला. मोतीरामचं अर्धं तोंड हसलं.

संध्याकाळी इंदूबाईनं डॉक्टरच्या सांगण्याप्रमाणे अळणी वरण आणलं. पहिल्याच घासाला बोट गेलं.

"मीठ सरलं का गावातलं?"

"सरलं," ती म्हणाली. "गुपचूप खा."

मोतीरामनं घास गिळला. मग त्याचं बोट हात जोडलेल्या चौकोनावर गेलं. काहीच वाजलं नाही. त्यानं पुन्हा दाबलं, पुन्हा दाबलं, नजर तिच्यावर ठेवून.

"आलं ध्यानात," चमचा पुढे करत इंदूबाई म्हणाली. "पण मीठ काई भेटत नाई."