मनोहररावांचा न बदलणारा पत्ता

मंगळवारी सकाळी अनघाचा फोन आला. बाबा गेले, म्हणाली. पहाटे, झोपेत. मग तिने विचारलं, "रूथमावशी, मेल तू बघशील ना?" मी हो म्हटलं. वडील गेल्याच्या सकाळी मुलीने मेलची काळजी करावी याचं बाहेरच्या कुणाला नवल वाटेल. मनोहर सोहोनींना ओळखणाऱ्यांना वाटणार नाही. त्यांनी आयुष्याची शेवटची वीस-बावीस वर्षं एका पत्त्याची राखण केली. तो पत्ता इंटरनेटवरचा होता.

नोएडात आमची सोसायटी नवी होती तेव्हापासूनचा आमचा शेजार. समोर मोकळं शेत होतं, लाइट गेली की जनरेटरचा धूर जिन्यात भरायचा, आणि दिल्लीतले नातलग "एवढ्या लांब कशाला गेलात?" असं विचारत असत. मी तेव्हा एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करत होते. मनोहरराव स्वेच्छानिवृत्ती घेऊन आले होते. त्याआधी त्यांचा सगळा संसार सरकारी क्वार्टरांत झाला. आधी तिमारपूर, मग सरोजिनीनगर, मग रामकृष्णपुरम. बढती मिळाली की क्वार्टर बदलायचं आणि गावाकडे सगळ्यांना नवा पत्ता कळवायचा. अशाच एका बदलाच्या वेळी वडील गेल्याची तार जुन्या क्वार्टरवर गेली आणि तिथेच राहिली. ते पोचले तेव्हा घरी दिवसकार्यही आटोपलं होतं. ही गोष्ट त्यांनी मला एकदाच सांगितली, तीही लिफ्टची वाट बघताना... लिफ्ट आली आणि त्यांनी विषय बदलला.

आमच्या मराठी मंडळाचं एक काम जुनं होतं. महाराष्ट्रातून उपचारासाठी दिल्लीत येणाऱ्या कुटुंबांना राहायला जागा बघून द्यायची आणि स्टेशनवर कुणीतरी घ्यायला जायचं. पत्रव्यवहार चिटणिसाच्या घरच्या पत्त्यावर चाले. चिटणीस बदलला की पत्ता बदले, आणि रुग्णांची पत्रं माजी चिटणिसाच्या घरी पडून राहत. मंडळाने वेबसाइट करायचं ठरवलं तेव्हा बाकीच्यांना गणेशोत्सवाचे फोटो दाखवायचे होते. मनोहररावांना ही पत्रं वाचवायची होती.

आपल्याला स्वतःचं डोमेन हवं, असं ते म्हणाले तेव्हा सभेत कुणालाच काही कळलं नाही. ते शांतपणे म्हणाले, "दारावरची पाटी समजा. वेबसाइट ज्या कंपनीच्या मशीनवर राहते ती झाली क्वार्टर. आज हे, उद्या ते. पाटी मात्र आपल्या मालकीची. क्वार्टर बदललं तरी येणारा माणूस आपल्याच दारात येतो." सभेत निम्मे लोक क्वार्टरांत राहणारे. सगळ्यांच्या माना हलल्या. मग अध्यक्षांनी घसा साफ केला. "माझ्या नावाचाही एक मेलचा पत्ता असू दे, सोहोनी. अध्यक्ष आहे शेवटी."

"पुढच्या वर्षी निवडणूक आहे ना, साहेब? मग तो पत्ता कुणाचा?"

सगळे हसले, अध्यक्षही हसले, पण जरा उशिरा. मनोहररावांनी मेलचा एकच पत्ता ठेवला. त्याचं नाव 'निवास'. त्यात कुणाचं नाव नाही, आडनाव नाही. उत्तराखाली सहीसुद्धा 'निवास' एवढीच. हे मला तेव्हा जरा कोरडं वाटलं होतं.

क्रेडिट कार्ड तेव्हा आमच्यापैकी कुणाकडेच नव्हतं, म्हणून नेहरू प्लेसच्या कॉम्प्युटर बाजारातल्या एका दुकानदारामार्फत डोमेनचं नाव घ्यायचं ठरलं. मी बरोबर गेले होते. दुकानदार म्हणाला, "अंकल जी, मेल तो फ्री में मिलता है, खर्चा क्यों करते हो?" मनोहरराव म्हणाले, "बेटा, फ्री वाला घर किसी और का होता है." दुकानदाराने यावर चहा मागवला. दिवस मनोहररावांनी मुद्दाम दसऱ्याचा निवडला होता. घरी येऊन त्यांनी कॉम्प्युटरला झेंडूची माळ घातली, की-बोर्डवर आपट्याची पानं ठेवली आणि आपणच आपल्याला एक मेल पाठवली. ती पोचली तेव्हा नीलाताईंना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, त्यांनी स्वयंपाकघरातून हाक मारून बोलावलं. नीलाताई पुरणाच्या हाताने आल्या, पडद्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "याच खोलीतून याच खोलीत पाठवलीत. मला सांगितलं असतंत तर मी आणून दिली असती."

नाव एका वर्षासाठी मिळालं होतं. दरवर्षी दसऱ्याला पूजा करायची आणि त्याच दिवशी नावाची मुदत वाढवायची, असं त्यांनी ठरवलं. शस्त्रपूजेसारखंच हे, असं ते म्हणत. मलाही ती पद्धत फार आवडली होती.

पुढच्याच वर्षी अधिक आश्विन आला. नीलाताईंनी जावयाला बोलावून अनारशांचं वाण दिलं, मनोहररावांनी स्वतः साजूक तूप आणलं. दसरा लांबला होता, तो लांबतोच. मुदत संपत आल्याच्या सूचना येत होत्या. त्या वाचून ते म्हणत, "दसऱ्याला करायचंच आहे." एक दिवस त्या सूचनाही थांबल्या. साइट उघडेना, तेव्हा त्यांनी फोनच्या लाइनला दोष दिला. मेल येईना, तेव्हा म्हणाले, "अधिक महिन्यात लोक मोठी कामं टाळतात. उपचारही पुढे ढकलत असतील." खरं तर नावाची मुदत इंग्रजी तारखेप्रमाणे केव्हाच संपली होती. त्याबरोबर मेल बंद पडली होती, आणि मुदत संपल्याचं कळवणारी मेलही त्याच बंद पत्त्यावर येत होती.

मग एका दुपारी पहाडगंजच्या मराठी शाळेतून एका शिक्षिकेचा फोन आला. नांदेडहून एक म्हातारे गृहस्थ आणि त्यांचा मुलगा सकाळपासून शाळेच्या व्हरांड्यात बसले होते. गाडी कधी पोचते ते त्यांनी मेलने कळवलं होतं. स्टेशनवर कुणी आलं नाही, तेव्हा मराठी बोलणारं कुणी भेटतं का ते शोधत ते तिथवर पोचले होते. मनोहररावांनी आधी मोटारीची किल्ली घेतली आणि मग मला हाक मारली. सबंध रस्ताभर ते एकदाच बोलले. "आजची तपासणी हुकली त्यांची."

म्हातारे बाकावर आडवे झाले होते. आम्हाला बघून उठायला लागले. "बसा, बसा," मनोहरराव म्हणाले आणि स्वतः त्यांच्यासमोर पायरीवर बसले.

"आम्ही म्हणलं, येतेलच तुम्ही," म्हातारे म्हणाले. "मेल पोचली नाही का, साहेब?"

"नाही पोचली. आमच्या पत्त्याची मुदत संपली होती. ती वाढवायचं काम माझं होतं, मी केलं नाही."

मुलगा लगेच म्हणाला, "कॉम्प्युटरची गडबड असल, साहेब."

"नाही," ते म्हणाले. "कॉम्प्युटर बरोबर होता."

लाइनवर, कंपनीवर, दुकानदारावर ढकलता आलं असतं, आणि त्या दोघांनी ते आनंदाने मानलंही असतं. मी पुष्कळ शिकलेल्या माणसांबरोबर नोकरी केली. चूक इतक्या सरळपणे, आवाज न बदलता कबूल करणारी फार थोडी पाहिली. म्हाताऱ्यांना त्यांनी आपल्या घरी नेलं, स्वतःची खोली दिली आणि आपण दिवाणखान्यात सतरंजीवर झोपू लागले. तपासणीची नवी तारीख मिळेपर्यंत रोज सकाळी मुलाबरोबर हॉस्पिटलच्या रांगेत उभे राहिले. नीलाताईंनी चेहऱ्यावर काही दाखवलं नाही. फक्त एकदा, सगळे जेवायला बसलेले असताना, वाढता वाढता म्हणाल्या, "जावयाला अनारसे दिलेत. त्या कंपनीला कळवलं होतं का, आमच्यात यंदा महिना जास्त आहे म्हणून?" म्हातारे इतके हसले की त्यांना ठसका लागला. आल्यापासून पहिल्यांदाच त्यांनी त्या दिवशी भात मागून घेतला.

नाव दुसऱ्या कुणी उचलण्याआधी सोडवता आलं. मनोहररावांनी ते एकदम दहा वर्षांसाठी घेतलं, आणि पुढेही मुदत संपण्याआधीच ती वाढवत राहिले. कंपनीच्या सूचनांसाठी 'निवास'ऐवजी माझा पत्ता दिला आणि पासवर्ड मला व अनघाला पाठ करायला लावला. "एका माणसावर ठेवायचं नाही," म्हणाले. "माझ्यावर तर नाहीच." पूजा मात्र दसऱ्यालाच राहिली. पुढच्या दसऱ्याला झेंडू वाहून झाल्यावर ते मला म्हणाले, "तुमच्या नाताळला घ्यायला हवं होतं हे नाव, रूथबाई. तारीख हलत नाही."

"ईस्टरला घेतलं नाहीत, हे नशीब समजा," मी म्हटलं. ईस्टरही दरवर्षी सरकतो, हे त्यांना ठाऊक नव्हतं. कळल्यावर त्यांना केवढा आनंद झाला! पुढे कितीतरी जणांना त्यांनी तो विनोद स्वतःचा म्हणून सांगितला.

मंडळाची माणसं बदलली. मोबाइलवरचे ग्रुप आले, साइट कुणी बघेनासं झालं. आता मेल कोण करतं, असं सभेत विचारलं जाऊ लागलं. मनोहरराव वाद घालत नसत. म्हणत, "एक माणूस करत असेल, तर त्या एकाला उत्तर मिळालं पाहिजे." ते रोज सकाळी चहाआधी मेल बघत. डोळे अधू झाल्यावर अनघा वाचून दाखवी, ते उत्तर सांगत, ती टाइप करी.

त्यांच्या तेराव्याच्या दिवशी सकाळी बीडहून एका मुलीची मेल आली. आईला घेऊन येत होती, दिल्लीत ओळखीचं कुणी नव्हतं. मजकुरात शेवटी लिहिलं होतं, "मागच्या वर्षी माझ्या मामांनाही तुम्हीच जागा मिळवून दिली होती. त्याच विश्वासावर लिहीत आहे." मी मुनिरका भागात दोन-तीन घरी फोन केले, तळमजल्यावरची एक खोली मिळाली. मग उत्तर लिहिलं. ते गेले हे त्या मुलीला कळवावं की नाही, यावर मी बराच वेळ थांबले... मग लक्षात आलं की ती माणूस शोधत नव्हती, खोली शोधत होती, आणि तसंच व्हावं म्हणून त्यांनी हे सगळं बांधलं होतं. मी गाडीचं नाव आणि डब्याचा नंबर कळवायला सांगितलं आणि खाली सही केली, 'निवास'.

त्यांना घ्यायला अनघा स्टेशनवर गेली होती. मायलेकी खोलीत राहत आहेत, आईचे उपचार सुरू झाले आहेत. नावाची मुदत अजून शिल्लक आहे. मेल चालू आहे.