राणी सुटली का न्हाई

हे मी आजवर कुणाला बोललो न्हाई. बायकोला न्हाई. दारू पिऊन बी न्हाई — अन् पिल्यावर तर मी स्वतःचीच चोरी स्वतःच सांगणारा माणूस. तुमी ऐका. मधी हसू आलं तर हसा, मला सवय हाय. लोक मला हसायसाठीच बोलावतात.

तवा आमच्या गावात, हट्ट्यात, वस्तीला एकच टीव्ही, समाजमंदिरातला, वर्गणीचा. रविवारी सकाळी एक मालिका लागायची. आभाळातून उतरलेली एक राणी, तिला जादूगारानं काचेत कोंडलेलं. सुरुवातीला काय सांगू! बाया चूल विझवून यायच्या. मंग बिघडली. अर्धा येळ नुसती वीज चमकायची, उडत्या घोड्याची दोरी दिसायची. एका रविवारी तर राजपुत्रच बदलला. तोंडच दुसरं — अन् राणीला बी त्याचं काही वाटलं न्हाई!

संपली की बाहेर लिंबाखाली भांडण.

"काहून बघायचं असलं? त्यापरीस शेळ्या बऱ्या."

"मंग तू काहून सगळ्यात पुढं बसतो रे, लेकरांत?"

तो पुढं बसणारा मीच.

बबन भांडायचा न्हाई. माझ्याच संगं रोजानं जाणारा, पर सातवी शिकलेला. वस्तीत कुणाचं बी पत्र आलं की तोच लिंबाखाली मोठ्यानं वाचायचा. मयताचं असो, सोयरीक मोडल्याचं असो — एक अक्षर गाळायचा न्हाई. तो म्हणायचा, "राणी खाली काहून उतरली, हे करणाऱ्यालाच ठाऊक न्हाई." अन् सोमवारी निंदताना सांगायचा, खरं कसं व्हायला पायजे होतं ते. बायांची खुरपी थांबायची. माझी बायको माझ्या कोणत्याच गोष्टीला हसली न्हाई कधी, ती बी तोंड उघडं टाकून ऐकायची.

माणसं हसवणं सोपं हाय हो. गप बसवणं? ते मला जमलं न्हाई कधी.

शेवट मात्र बबननं कुणाला सांगितला न्हाई. म्हणला, तो टीव्हीवरच बघू. महिनाभर लिहीत बसला. पत्ता मालिकेच्या शेवटी दाखवायचे, तो उतरून घेतला. मी हमालीला वसमतच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, जायचो, म्हणून पाकीट माझ्या हातात दिलं. "बराबर टाक बरं, भाऊ."

टाकलं का? — न्हाई.

भजेवाल्याला दिलं. त्याच कागदांत भजे बांधून घेतले, अन् उभ्यानंच खाल्ले.

इथंच थांबलो असतो तर... पर न्हाई थांबलो. पंधरा-वीस दिसांनी मोंढ्यातल्या एका मुनीमाला चहा पाजला अन् कार्ड लिहून घेतलं, मालिकावाल्यांनी बबनला धाडल्यासारखं. मी सांगत गेलो, तो लिहीत गेला. आमी दोघं बी लय हसलो. वसमतच्याच डब्यात टाकलं.

चौथ्या दिवशी कार्ड आलं. बबननं वसमतचा शिक्का बघितला न्हाई. मालिकेचं नाव बघूनच त्यानं सगळ्यांना हाक मारली. सगळी वस्ती लिंबाखाली. कुणीतरी म्हणलं, "वाच बबनभाऊ, आता तुझंच वाच!"

त्यानं वाचलं. "तुमची गोष्ट वाचून आमची करमणूक झाली. ज्याच्या हातात खुरपं, त्यानं लेखणी धरू नये. पुन्हा कागद खराब करू नका. कळावे."

मला वाटलं हुतं, पहिल्या ओळीला थांबल. न्हाई थांबला. दुसऱ्यांची पत्रं वाचायचा तसंच वाचलं — बारीक आवाजात न्हाई, अडखळत न्हाई, 'कळावे' पर्यंत. मंग कार्ड खिशात घातलं.

मंग एक जण हसला. मी. माझ्या मागून सगळे हसले. बबन बी हसला, सगळ्यात शेवटी.

मालिका पुढं तशीच मधीच बंद पडली. राणी काचेतच राहिली. सोमवारी बायांनी बबनला इचारलं, "तुझ्यात काय हुतं गा, सुटली का ती?" तो खाली बघून निंदत राहिला. म्हणला, "मला काय कळतंय त्यातलं, बाई."

त्यानंतर त्यानं गोष्ट सांगितली न्हाई. कधीच. इतकी वर्सं झाली. आता घराघरात टीव्ही हाय, पोरं फोनवर असलं कायबाय बघून तावातावानं भांडत्यात, अन् बबन बाजूला बसून बिडी वढतो.

आपल्याला काहीच येत न्हाई, असं त्याला वाटतं. हे त्याला कुणी सांगितलं? ज्याला अक्षर वाचता येत न्हाई, त्यानं सांगितलं. त्या कागदांत काय हुतं, मला आजबी ठाऊक न्हाई.

बबन आमच्याच गल्लीत राहतो, चार घरं सोडून. मी त्याला सांगितलेलं न्हाई.