पाणबुडीसाठी एक पान

ओतूरला एसटीत चढलेल्या त्या माणसानं पत्रावळ्यांचा गठ्ठा न विचारता माझ्या मांडीवर ठेवला आणि शेजारी बसून माझ्या पुस्तकात डोकावला. टोपीच्या घडीत जुना गुलाल होता, म्हणजे बैलगाडा शर्यतीतला माणूस.

"ही काय वस्तू म्हणायची?"

अमेरिकी नौदलाची अगदी सुरुवातीची पाणबुडी, मी सांगितलं. बैलाच्या वशिंडावरून फिरवतात तसा त्यानं फोटोवरून हात फिरवला. "कामगिरी काय हिची?"

मी सांगत गेलो. पेट्रोलवर चालायची, त्या वाफेनं आतल्यांना चक्कर यायची. दुसऱ्या जहाजाच्या पाठीवर बसून फिलिपिन्सला गेली, तिथं बंदर राखलं. शत्रूवर एकही टॉर्पेडो सोडला नाही. म्हातारी झाल्यावर नेमबाजीच्या सरावाला उभी केली आणि त्यांच्याच जहाजांनी बुडवली.

त्याचा हात थांबला. "घरच्यांनीच? आमचा बैल पळायचा बंद झाला, तरी मरस्तोवर दावणीला बसून खात व्हता. उद्या त्याचा दहावा हाय. सगळं गाव जेवणार."

पत्रावळ्यांचा उलगडा झाला. पाणबुडीचं सुतक मात्र आजवर कुणी धरलं नसावं.

घोडेगावच्या अलीकडं तो उठला. "पावणं, उद्या या जेवाया. तिचं पण एक पान ठेवू. तिला काय आवडायचं?"

"पेट्रोल."

तो खळखळून हसला. गठ्ठा उचलून दारापर्यंत गेला आणि वळून म्हणाला, "आमच्या बैलाला पेंड लई आवडायची. तीच ठेवू दोघांना. कावळ्याला मी सांगतो समजावून."