भर वैशाखातलं विसर्जन

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. पण जी केस आठवली की आजही खुर्चीत ताठ बसतो, ती एका मोडलेल्या पायाची.

तेव्हा मी पेण ठाण्यात होतो. जवळच्या जोहे गावातल्या, गणपतीच्या मूर्ती घडवणाऱ्या कारखान्यातला एक कामगार दवाखान्यात होता. गुडघ्याखालचा पाय चुरडला होता. कासूजवळ मोटारसायकल घसरली, अशी खबर त्याला आणणाऱ्या कारखानदाराने दिली होती. कामगारानेही तोच जबाब दिला. प्रकरण मिटल्यात जमा होतं.

मग त्याची बायको ठाण्यात आली.

"साहेब, ते गाडीवरनं पडलं नाय. कारखान्यात मोठा गणपती पायावर आला. शेट म्हनतो, तोंड उघडलंस तर कुठल्याच कारखान्यात काम मिलनार नाय. वकील म्हनतात, कामावर लागलं हे दाखवा, तरच भरपाईचा दावा टिकंल. आता पाय कापायचा म्हनतात. आमी खायचं काय?"

मी लगेच कारखान्यावर गेलो. फरशी धुतलेली, बाकीचे कामगार मुके. कारखानदार हात जोडून चहा विचारत होता. पुरावा शून्य. बाईंना काय सांगायचं, या विचाराने मी हैराण झालो होतो.

अशात धरमतरच्या खाडीवरून एका मच्छीमाराचा फोन आला. तो चांगलाच तापला होता.

"साहेब, सण लांब ऱ्हायला, नि हिकडं गणपती बुडवून गेलाय कोनतरी! माझी जाली फाटली त्यात!"

ठाणे अंमलदार हसायला लागला. मी मात्र टोपी उचलली. वैशाखात विसर्जन? गाडी काढली, जोह्यातले दोन जाणते मूर्तिकार पंच म्हणून घेतले आणि खाडी गाठली. ओहोटी संपत आली होती, भरती चढायच्या आत पंचनामा उरकायचा होता. गुडघाभर चिखलात आम्ही अक्षरशः धावलो. एक पंच तर आडवाच झाला, तसाच हसत उठला.

प्लास्टरची मूर्ती पाण्यात विरघळत नाही. ती तशीच पडली होती. एक हात तुटलेला, पाट दुभंगलेला आणि पाटाच्या खिळ्यात अडकलेली पँटची चिंधी. पंचाने मूर्तीच्या तोंडावरचा गाळ पुसला आणि म्हणाला, "डोल्यांची आखणी शेटच्याच हातची हाय. सगलं जोहं वलखंल."

बाईंनी चिंधी पाहताक्षणी ओळखली. नवऱ्याच्या पँटला मारलेली ती टीप त्यांच्याच हातची होती.

कारखानदाराला समोर बसवलं. तो म्हणाला, परदेशी जायची मूर्ती होती, उतरवताना भंगली, बुडवली, त्यात गुन्हा काय?

"प्राणप्रतिष्ठा झाली नव्हती. मग ते नुसतं प्लास्टर. फोडून भंगारात टाकलं असतं तर कुणाला कळलं नसतं," मी म्हणालो.

तो जीभ चावून म्हणाला, "असं नका बोलू साहेब. डोले मीच आखलं होतं. डोले आखलं की तो बघतो. नारल फोडला, आरती केली, मग सोडला."

"बघतो ना? मग त्या दिवशी त्याने काय बघितलं, तेवढं सांगा."

त्याचा चेहरा पडला. तो रडायलाच लागला. मूर्ती उतरवायचा दोर जुना होता, कामगारांनी बदलून मागितला होता, यानेच आज-उद्या केलं होतं. सगळं ओकला. इतका आनंद मला दरोडेखोर पकडूनही झाला नव्हता!

पाय काही वाचला नाही. पण पंचनामा आणि चिंधी घेऊन वकिलांनी दावा लावला. कारखानदाराने तिथेही खरं तेच सांगितलं आणि दावा मंजूर झाला. बाहेर आल्यावर तो बाईंच्या पुढ्यात हात जोडून उभा राहिला.

बाई म्हणाल्या, "दादा, भंगलेल्या देवाला तुमी खाडीपर्यंत पोचवायला गेलात. ह्यांना दवाखान्यात टाकून गेलात, ते परत बघायला पन आला नाय."

गुन्हेगारालाही कुणाची तरी भीती असते, ती शोधली की तपास लागतो, हे मी या केसमध्ये शिकलो आणि पुढे नव्या पोरांनाही शिकवलं. पण केस आठवली की खुर्चीत ताठ बसतो, तो बाईंच्या त्या बोलण्यामुळे.